सत्ताविसावी टाकी

पहिला फोन आला तेव्हा मी घणसोलीत, एका गच्चीवर,
मोतीराम टाकीच्या आत, मी झाकणापाशी टॉर्च धरून.
विकी सर म्हणाले, मॅडम, चार हजार नऊशे नव्व्याण्णव,
तीस दिवसांत पहिल्या पानावर, लेखी हमी.
मी विचारलं, कोणत्या शब्दाला?
म्हणाले, तुम्ही म्हणाल त्या.
आतून मोतीरामचा आवाज घुमला: बादली खेचा.

दुसऱ्याने पीडीएफ पाठवली. तांबं, चांदी, सोनं.
प्रत्येकात इतक्या लिंका, इतके कीवर्ड,
सोन्यात दोन लेख फुकट.
सोन्यापर्यंत वाचून मी मोबाईल उलटा ठेवला.
आमच्यात सोनं लग्नात मोजतात,
आणि तेव्हाही तराजू समोर असतो.

अन्वय पोतनीस मात्र ठाण्याहून स्कूटरवर आला.
चहा घेतला, बिस्किटाला हात लावला नाही,
आणि तासभर मलाच विचारत बसला:
लोक फोनवर पहिलं वाक्य काय बोलतात?
वास येतो म्हणतात, की किडे दिसले म्हणतात?
रात्री करतात की सकाळी?
मग म्हणाला, महिन्याला अठरा हजार,
निदान सहा महिने.
पहिले तीन काही दिसणार नाही.
हमी?
हमी नाही.

मी मनातल्या मनात मोजलं.
हजार लिटरच्या काळ्या टाकीचे मी सहाशे घेते.
अठरा हजार म्हणजे तीस टाक्या,
सहा महिने म्हणजे एकशेऐंशी वेळा
मोतीराम वाकून आत उतरणार,
गुडघ्याला फडकं बांधून, क्लोरीनने डोळे लाल,
कशासाठी, तर माझं नाव चार बोटं वर सरकावं.

बाबांनी भिंती रंगवून घेतल्या होत्या,
ठाणे-बेलापूर रस्त्याला, कंपन्यांच्या कुंपणांवर,
पिवळ्यावर निळं: तांडेल टाकी साफ, खाली नंबर.
पेंटरला भिंतीमागे चाळीस रुपये आणि वडापाव.
दोन पावसाळ्यांत मधली टाकी पुसली गेली,
उरलं ते तांडेल साफ.
बाबा हे सगळ्यांना सांगायचे. फोन तरीही यायचे.

तर मी अन्वयला म्हटलं,
लिहायचंच तर आहे, त्याचे एवढे?
आणि बोलता बोलताच सूर ओळखीचा वाटला.
हे वाक्य माझं नव्हतं.
वाशीच्या सेक्रेटरींचं होतं, सीवूड्सच्या खजिनदारांचं:
धुवायचीच तर आहे ताई, त्याचे सहाशे?
बाजूचा साडेतीनशेत करतो.
करतो, हो.
भिंतींवरून पाइप फिरवतो, तळाचा गाळ तसाच,
कारण गच्चीवर चढून झाकण उघडतंय कोण.

अन्वयने हेल्मेट उचललं.
मी म्हटलं, पंधरा.
तो म्हणाला, सोळा, आणि फोटो तुम्ही काढायचे.
धुतल्यानंतरचे नकोत. गाळाचे. खरे.
सोळा म्हणजे सव्वीस टाक्या,
आणि सत्ताविसावी अर्ध्याहून जास्त.
मोतीरामला आकडा सांगितला नाही मी अजून.

चार महिने झाले. पहिल्या पानावर नाही आम्ही.
दुसऱ्यावर आहोत, एका अशा कंपनीच्या खाली
जिच्या पत्त्यावर मी मुद्दाम गेले, तर तिथे सलून.
विकी सर अजून फोन करतात. भाव उतरलाय त्यांचा.

काल रात्री साडेअकराला ऐरोलीहून एक बाई.
टाकीत पाल पडली काय करावे, एवढंच टाइप केलं हो,
तर तुमचा तो चिखलाचा फोटो आला.
आवाज दबका, जवळ मूल झोपलेलं असावं.
मी म्हटलं, नळ बंद ठेवा, सकाळी सातला पोचतो.
त्यांनी पैसे विचारले नाहीत.
मीच सांगितले. सहाशे.
पालीचे वेगळे घेत नाही.